जिवंत नवऱ्याचा भाव

दीपमाला सुती दोऱ्याचे हार आणि कानातले करायची. करण्याचा तिला कंटाळा नव्हता, भाव सांगायचं मात्र जिवावर यायचं. फोनवर फोटो टाकला की पहिला सवाल ठरलेला, "कितीले?" अडीचशे म्हटलं की लगेच, "तिकडं ऑनलाइन त नव्याण्णवले भेटते." मग तिकडंच घ्या ना बाई! पण हे ती मनातल्या मनात म्हणायची आणि हात जोडल्याचं चित्र पाठवून द्यायची.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. जिल्ह्यात कापूसच आला नाही, त्यामुळे तिचा नवरा प्रफुल्ल लोहाऱ्याच्या ज्या जिनिंग कारखान्यात कापसाची सरकी काढायच्या कामाला होता, तिथली मशीनं बहुतेक दिवस गप्पच असत. हार विकले जाणं आता हौसेचं राहिलं नव्हतं. म्हणून पुण्याहून सलोनी मॅडमचा फोन आला तेव्हा तिला हायसं वाटलं. मॅडमचं दागिन्यांचं ऑनलाइन दुकान होतं.

"ताई, तुम्ही फक्त बनवा. भाव आणि जाहिरात माझ्यावर सोडा."

दीपमालानं सोडली. आणि काय आश्चर्य, हार हातोहात जायला लागले. पुण्याहून मागणीवर मागणी. तिला वाटलं, आपल्या हाताला गुण आला.

मग एका रविवारी सकाळी प्रफुल्लची आत्या, बेबीताई, नेरहून पहिल्या बसनं आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं गळा काढलेला. "माहा सोन्यासारखा भाचा वो!" दार उघडलं ते प्रफुल्लनंच, तोंडात ब्रश.

"जय भीम, आत्या. कोण गेलं वो?"

आत्या उंबऱ्यातच मटकन बसली.

तिच्या फोनवर सलोनी मॅडमच्या दुकानाचं पान होतं. त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या दीपमालाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'यवतमाळची शेतकरी विधवा. पतीच्या मागे, त्याच्याच शेतातल्या कापसातून ती गुंफते जगण्याची आशा.' भाव, नऊशे रुपये.

प्रफुल्लनं दोनदा वाचलं. "आपलं शेत कुठं हाय वो?"

"तुमचं मरण वाचून झालं, आन् विचारता शेत?" दीपमाला किंचाळली. सूत तर नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेलं. सासू कौसल्या आतून धावत आली आणि पुण्याच्या दिशेनं हात करून अशा शिव्या घातल्या की शेजारची माणसं गॅलरीत आली. आत्याचं रडणं चहा पोटात गेल्यावर थांबलं. जाताना म्हणाली, "आलीच हाव त एक हार दे. घरच्याले कायचा भाव?"

दीपमालानं हार दिला आणि दार लावून पुण्याला फोन लावला.

"मॅडम, माहा नवरा जित्ता हाय."

"हो का? छानच!" सलोनी जराही चपापली नाही. "ताई, रागावू नका. यवतमाळ म्हटलं की गिऱ्हाइकाला अशीच गोष्ट लागते. नुसत्या हाराला नऊशे कोण देणार?"

"म्हणजे माह्या हातच्या कामाचे अडीचशे, आन् नवऱ्याच्या मरणाचे बाकीचे? ते काढा. आताच्या आता काढा."

संध्याकाळपर्यंत मजकूर निघाला. पण मॅडमनं जाताजाता गिऱ्हाइकांना दीपमालाचा नंबर देऊन टाकला, आणि नवाच ताप सुरू झाला. 'आमची फसवणूक झाली.' 'मी तर मैत्रिणींना सांगितलं होतं.' एकीनं हार परत पाठवतेय असं कळवून वर विचारलं, 'पती हयात आहेत का, हे स्पष्ट सांगावे.'

दीपमालानं दात-ओठ खात लिहिलं, 'हयात आहेत. आता वांग्याची भाजी आळणी झाली म्हणून कुरकुर करून राह्यले.'

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं पान उघडलं. फोटो प्रफुल्लनं काढले. पहिल्या तिन्हींत त्याचा अंगठा आला म्हणून त्यावरूनही भांडण झालं. भावाचा विषय निघाला.

"चारशे लिहा," ती म्हणाली.

"चारशे? अडीचशेले रडत होते लोकं."

"माह्या मानेले विचारा, दिवसभर वाकून वाकून काय झालं तिचं. चारशे."

आठवडाभर कोणी फिरकलं नाही. जे फिरकले ते 'शेवटचा भाव बोला' म्हणून गेले. दीपमालाला वाटलं, फोन विहिरीत टाकावा.

मग फुलसावंगीहून एका शाळेच्या बाईंचा मेसेज आला: 'ताई, मला घाम फार येतो. लाल दोऱ्याचा रंग गळ्याला लागतो का?'

दीपमाला फोनकडे बघतच राहिली. हाराबद्दल सवाल! नुसता हाराबद्दल! तिनं खरं ते लिहिलं: 'पहिल्यांदा थोडा लागते. मी मिठाच्या पाण्यात धुऊन पाठवते, मग लागणार नाही.'

'बरं. दोन पाठवा, एक माझ्या बहिणीला,' उत्तर आलं. भावाबद्दल एक अक्षर नाही.

दीपमालानं बादलीत पाणी घेतलं आणि प्रफुल्लला मीठ आणायला पिटाळलं.