गडगडाटी जनावराचा जबडा

साहेबांना जनावर डरकाळी फोडताना हवं होतं. "अहो, या अख्ख्या कुळाचं नावच 'गडगडाटी जनावरं'! जबडा उघडा ठेवा, आत स्पीकर बसवू."

संग्रहालयात सांगाडे उभे करणं हे माझं काम. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्या या गेंड्यासारख्या धुडाचं एकेक हाड मी हाताने जोडलं होतं.

"साहेब, नाव त्याच्या आवाजावरून नाही पडलेलं," मी म्हटलं. "वादळी पावसात माती धुऊन जायची आणि ही अगडबंब हाडं उघडी पडायची. लोकांना वाटायचं, गडगडाट करत ती आभाळातूनच उतरली. आवाज ढगांचा होता. हे बिचारं पाला खायचं."

"पाला खाणाऱ्याला बघायला कोण कुत्रं येणार?" म्हणत त्यांनी माझ्यादेखत जबड्यात लोखंडी टेकू लावून घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मला 'तोफ' म्हणते ते उगाच नाही. मी शिडी चढले, टेकू काढला आणि जबडा अलगद मिटला. दाढांवर दाढा चपखल बसल्या. आता ते चघळता चघळता थांबल्यासारखं दिसत होतं.

"उद्या उद्घाटन आहे! टेकू द्या इकडे!" साहेब खालून इतक्या जोरात ओरडले की दालन दणाणलं.

टेकू मी खांद्यावरच्या पर्समध्ये टाकला.

"स्पीकरचं राहू द्या, साहेब," मी वरूनच म्हटलं. "उद्या तुम्हीच इथे उभे राहा."