रुख्माबाईचा अंगारा

१९३४ सालच्या माघात नवेगाव बांधाच्या वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेवर नव्वदी ओलांडलेली रुख्माबाई, शेजारी अंगाऱ्याच्या पुड्या घेऊन भस्मानंद महाराज. कुणीही यावं, बापाचं नाव सांगावं. म्हातारी त्याच्या आज्याचं नाव, आजीचं माहेर आणि लग्नात वरण कसं करपलं तेही सांगे. ती पहिल्यापासून अशीच, हे गावाला ठाऊक होतं. पण चमत्कार समोर बसला की मागचं कोण आठवतो?

"बुद्धीला गंज चढतो, बाळांनो," महाराज तिच्याकडे बोट करून, डोळे मिटून म्हणत. "आमचा अंगारा तो खरवडतो."

मी गावोगाव देवी टोचत फिरणारा सरकारी माणूस. माझा मुक्काम केवळरामाकडे असे. त्याचे वडील पुनाराम आता पोटच्या पोरालाही ओळखत नव्हते. अन्नानं अंगाऱ्याचा गुण जातो, असं महाराजांनी सांगितलेलं. म्हणून केवळराम चार दिवस बापाला नुसतं अंगाऱ्याचं पाणी पाजत होता. म्हातारा भाताकडे बोट दाखवून रडे. केवळराम भिंतीकडे तोंड करून रडे आणि पुन्हा वाटी पुढे करी. मी समजावलं, तर म्हणाला, गुण तर खाटेवर बसलेला दिसतो आहे.

मला अर्जुनीची सुभद्राबाई आठवली. रुख्माबाईची ही सख्खी धाकटी बहीण मला माझ्या आधीच्या तिन्ही टोचणाऱ्यांची नावं ऐकवायची. दुसऱ्याच दिवशी मी तिला बैलबंडीत घालून वडाखाली आणलं.

बहिणी भेटल्या आणि लगेच भांडल्या. थोरली म्हणे, मामाच्या वरातीत अकरा बंड्या होत्या. धाकटी म्हणे, बारा. एक बोडीच्या पाण्यात कलंडली, ती तू धरत नाहीस. थोरलीनं विचार करून बारा कबूल केल्या.

सुभद्राबाईनं महाराजांना आजच प्रथम पाहिलं होतं, हे मी लोकांना सांगितलं. महाराज डगमगले नाहीत. "रक्त एकच. थोरलीचा गुण धाकटीत उतरला."

"मग गुण रक्ताचा झाला, महाराज. पुडीचा कसा?" मी विचारलं.

"आमची मायबी अशीच होती," सुभद्राबाई म्हणाली.

तेवढ्यात रुख्माबाईची सून पुढे आली. तिनं वर्षभर रोज अंगारा खाल्ला होता आणि त्या सकाळी वरणात तीनदा मीठ घातलं होतं. मग लोकांनी रुख्माबाईलाच विचारलं, तुम्ही किती खाल्ला?

"मी कायले खाऊ? मी त्यानं भांडे घासून राहिलो. लय चकचकीत निघते."

"मंग इथं काऊन बसता?"

"घरी कोनी आयकत नाई, बापा."

पुडी उघडली, तर धानाच्या तुसाची राख आणि चिमूटभर कापूर. हसणं थांबेतो महाराज बांधापलीकडे पोचले होते. मी लोकांना एवढंच म्हणालो, की एक माणूस दाखवून कुणी औषध देऊ लागला, तर ते खाणारे बाकीचे कसे आहेत आणि न खाणारे कसे आहेत, हे आधी विचारा.

केवळरामानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा बरे होतील का? आठवण परत आणणारी पुडी माझ्याही पेटीत नव्हती, तसं मी सांगितलं. आठवणीचंही धानासारखंच, काही बियाण्यात असतं, काही पाण्यापावसात, काही अजून कुणालाच कळलेलं नाही. पण भूक त्यांना कळते.

त्यानं घरी जाऊन भात कालवला. पुनाराम पोटभर जेवले आणि त्याच्याकडे निरखून पाहू लागले.

"तू कोनाचा पोरगा?"

"तुमचाच, बाबा."

"मंग जेव ना," पुनाराम म्हणाले आणि ताट त्याच्याकडे सरकवलं.