म्हातारीचा वास

ताईनं बरणीचं झाकण काढलं, नाक जवळजवळ आत घातलं आणि डोळे मिटून घेतले. ओट्याशी पीठ चाळणाऱ्या धाकटीचा हात चाळणीवरच थांबला.

“बघ गं जरा.” ताईनं बरणी तिच्यापुढे धरली. “नेहमीसारखीच आहे ना म्हातारी?”

धाकटीनं वास घेतल्यासारखं केलं. “नेहमीसारखीच आहे.”

“हं,” ताई म्हणाली आणि तळाशी थोडं ठेवून बरणीतलं खमीर परातीत ओतू लागली.

म्हातारी म्हणजे हे खमीर, पाव फुगवणारं आंबवण. आईनं तरुणपणी पीठ-पाणी कालवून ते धरलं होतं, रोज मूठभर पीठ घालून जन्मभर जगवलं होतं आणि शेवटच्या आजारात ताईच्या हवाली केलं होतं. पानं गळायला लागली, खिडक्या बंद करायचे दिवस आले, की या घरात पाव भाजायला सुरुवात व्हायची. मग उन्हाळ्यापर्यंत विकतचा पाव दारातून आत येत नसे. दोघी बहिणी आईच्याच घरात राहत होत्या. लग्न दोघींचंही झालं नव्हतं आणि त्याचं दुःख शेजारणींनाच जास्त होतं. धाकटी पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. ताई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती आणि तिच्या जिभेचा तिथं दरारा होता. चमचाभर सूप तोंडात घेऊन ती सांगायची, की आज कांदा कुणी परतला आणि परतताना त्याचं लक्ष कुठं होतं.

या वर्षी पानगळ सुरू होता होताच ताईला तापानं गाठलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथूनही संध्याकाळी फोन यायचाच. “म्हातारीला खायला घातलंस का?” शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटायचं, की घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. ती ताईच्या मायेचं तोंडभर कौतुक करायची.

धाकटी म्हणायची, “घातलं.” सुरुवातीला ते खरंही होतं.

गारठा पडला की बरणी बंद ओव्हनमध्ये ठेवायची, म्हणजे तिला वारा लागत नाही, ही आईची रीत. आत बरणी असली की ओव्हनच्या बटणाला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं, की ओव्हनला हात लावायचा नाही. ताई दवाखान्यात असतानाच एक दिवस धाकटी भोपळा चिरत होती. हात चिकट झाले, फडकं हाताशी होतं, तिनं ते सोडून हात पुसले आणि खांद्यावर टाकलं. मग भोपळा भाजायचा म्हणून ओव्हन लावला आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी घ्यायला पुढच्या खोलीत गेली. शिजल्या पिठाचा वास आला तेव्हाही फडकं खांद्यावरच होतं. बरणीच्या तळाशी म्हातारीचा कडक गोळा झाला होता.

ती ओट्यापाशी बसून रडली. पण रडून झाल्यावर तिनं जे केलं, ते तिला जास्त छळत होतं. तिनं गोळा खरवडून कागदात गुंडाळला, केराच्या डब्यात अगदी खाली ढकलला, बरणी लख्ख घासली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून चमचाभर खमीर मागून आणलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा ती म्हणाली, “घातलं.”

ताई घरी आली, पिशवी ठेवायच्या आत बरणीपाशी गेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“मला ही वेगळीच वाटतेय गं.”

तेव्हाच सांगून टाकायचं. पण धाकटीच्या तोंडून भलतंच निघालं. “तुझं तोंड अजून तापाचं असेल. डॉक्टर म्हणालेच होते ना, अशा तापात नाक-जीभ जाते म्हणून?”

या हजरजबाबीपणाचं तिला अर्धा दिवस बरंही वाटलं. मग दुपारी ताईनं सूप केलं, चमचा ओठांशी नेला, थांबली आणि तोच चमचा धाकटीपुढे केला. “मीठ बघ.” आजवर या घरात ताईशिवाय दुसऱ्या कुणी मीठ बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूध नासलंय का विचारलं. नंतर लोणी. ताई पूर्वी घरभर बोलत वावरायची, ती आता पातेल्याचं झाकण उचलून नुसतीच उभी राहू लागली. धाकटीला ते बघवत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. जितके दिवस जात होते, तितकं सांगणं अवघड होऊन बसत होतं.

“मीठ तूच घाल,” ताई आता परातीत हात घालत म्हणाली. “माझ्या हाताच्या भरवशावर राहू नकोस.”

धाकटीनं मीठ घातलं. ताईनं पीठ मळलं. मळण्यात मात्र तिचं काही गेलेलं नव्हतं. तळव्यानं रेटायचं, दुमडायचं, फिरवायचं, पुन्हा रेटायचं. गोळा ओल्या कापडाखाली झाकून ती हात धुवून आली आणि खुंटीवरचा कॅन्टीनचा पांढरा कोट काढून धाकटीच्या मांडीवर ठेवला.

“बटण निघालंय तेवढं लाव. उद्या परत करायचाय.”

“परत? उद्या तू कामावर रुजू होणार ना?”

“साहेबांना सांगून येते, दुसरी बाई बघा म्हणून.”

“ताई, असं काय करतेस? थोडी रजा वाढवून घे.”

“रजेनं काय होणार? कॉफीचा येतो, करपल्याचा येतो. ढोबळ वास येतात गं, बारीक गेले. एखाद दिवशी विटलेलं काही वाढलं एवढ्या माणसांना, तर?” ताई खुर्चीवर बसली. “आणि दुसऱ्या कशाचं सोड. घरची म्हातारी ओळखता येईना मला. आईच्या हाताला यायचा तो वास. तोच हरवला, मग नाक कशाला म्हणायचं याला?”

धाकटीनं सुईत दोरा ओवला आणि खाली मान घालून बटण लावू लागली. पीठ फुगलं, ताईनं त्याचे दोन पाव वळले, ओव्हन तापवला, पाव आत गेले. घरात भाजल्याचा वास पसरू लागला. ताई ओव्हनकडे पाठ करून, खिडकीतून खाली पानं झाडणाऱ्या माणसाकडे बघत बसली. बटण केव्हाच पक्कं झालं होतं. धाकटी त्याच भोकांतून सुई खालीवर करत राहिली. पाव बाहेर निघाले, जाळीवर निवायला ठेवले, तेव्हा दोरा संपला.

“ताई, म्हातारी गेली.”

“कुठं गेली?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हाच. ओव्हन लावला मी. भोपळ्यासाठी. फडकं मीच सोडलं होतं, हात पुसायला.”

ताईनं बरणीकडे बोट केलं. “मग ही कोण?”

“बेकरीतली. चमचाभर मागून आणली.”

“आणि मी रोज तुला विचारत होते.”

“हो.”

“दूध विचारलं. लोणी विचारलं.”

“हो, ताई.”

ताई उठली. तिनं बरणी उघडली आणि वास घेतला, या वेळी डोळे उघडे ठेवून. “बेकरीचीच,” ती हळू म्हणाली. “गोडसर आहे. आईची अशी कधीच नव्हती.” मग ती पाठमोरीच उभी राहिली आणि तिचे खांदे हलले. “आईची होती गं ती,” ती म्हणाली. धाकटी जवळ गेली नाही. जवळ जायचा हक्क आपल्याला उरला आहे, असं तिला वाटलं नाही.

गरम पाव कापायचा नाही, हा ताईचाच नियम. पण तिनं सुरी घेतली, कडेचा तुकडा कापला आणि उभ्यानंच खाल्ला. सावकाश चावला, मधे थांबली, पुन्हा चावला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

धाकटीचा हात सवयीनं पावाकडे गेला.

“तू नको बघूस. कमी आहे.”

धाकटीनं हात मागे घेतला. ताईनं तिच्या मांडीवरचा कोट उचलला, बटणावरून अंगठा फिरवला आणि तो पुन्हा खुंटीला अडकवला.