झाकण न बसलेला डबा

पेण तालुक्यातल्या निम्म्या आशा सेविका शकू सिस्टरला घाबरत आणि उरलेल्या निम्म्या तिची नक्कल करत. नकलेला फार काही लागत नसे. कमरेवर हात ठेवायचा, भुवया चढवायच्या आणि म्हणायचं, "डबा कुठं हाय?"

डबा म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा, जाड पांढऱ्या प्लास्टिकचा. त्यात पडलेल्या सुईला परत हात लावायचा नाही, वरून दाबायचं नाही, पाऊण भरला की झाकण लावून दुसरा घ्यायचा. हे तिने इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात सांगितलं होतं की लस द्यायला पोरं घेऊन येणाऱ्या आयांनाही ते पाठ झालं होतं. शांती नावाच्या नव्या नर्सने एकदा वापरलेल्या सुईवर परत टोपण घातलं, तर शकूने तिला भर लसीकरण सत्रात, बायकांच्या देखत रडवलं. चुकीचं काही बोलली नव्हती. पण बरोबर बोलणाऱ्याच्या जिभेला हाड असलं तर काही बिघडत नाही, हे तिला कोण सांगणार?

तर अशा शकूला रोह्याच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. विषय होता, लस देणाऱ्यांनी स्वतःचा जीव कसा सांभाळायचा. शकू आठवडाभर हवेत होती. रामवाडीतल्या घरी आरशापुढे भाषण म्हणून झालं, ठेवणीतली साडी इस्त्री करून झाली. मग तिने एक पिशवी भरली. हातमोजे, साबण, सुई तोडायचं छोटं यंत्र आणि एक कोरा करकरीत पांढरा डबा. चार माणसांत दाखवायचा तर नवा नको का? म्हणून दुसऱ्या दिवशीच्या सत्राला न्यायचा होता तोच डबा तिने या पिशवीत ठेवला, आणि सत्राच्या पिशवीत दुसरा टाकायचं राहून गेलं.

सत्र होतं हमरापूरच्या पलीकडच्या वाडीत. अंगणवाडीच्या छताचं प्लॅस्टर पडलं होतं, म्हणून बायकापोरांना काळुरामच्या कारखान्यात बसवलं. कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा. सणाला थोडेच दिवस उरलेले; मूर्ती रांगेने उभ्या होत्या, सोंड, दात, पितांबर सगळं रंगवून झालेलं, फक्त डोळे राहिलेले. डोळे आखायचं काम काळुरामच्या सुनेचं, सगुणाचं. सगुणा गावची आशाही होती. एरवी घरोघर फिरून बायकांना लसीला बोलवायची आणि हंगामात मूर्तींचे डोळे उघडायची. तिच्या हातच्या डोळ्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राहत असे. सासऱ्याचा हात आता थरथरायचा, तेव्हा सगळा कारखाना तिच्या दोन बोटांवर चालला होता म्हणा ना.

शकूने पिशवी उघडली आणि तळापर्यंत चाचपली. डबा नाही. यंत्रही नाही.

खरं तर तिथेच सत्र थांबवून आरोग्य केंद्रातून डबा मागवायचा. थोडा खोळंबा झाला असता, एवढंच. पण 'डबा कुठं हाय'वाली सिस्टरच डबा विसरली, ही बातमी तिच्याआधी रोह्याला पोचली असती. लोक हसायला टपलेलेच होते, आणि त्यात लोकांची चूक नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं. काळुरामने रंगाचा एक रिकामा डबा पुढे केला. "हा घ्या, धुवून ठेवलाय."

"चालंल," शकू म्हणाली. दुसऱ्या कुणी 'चालंल' म्हटलं असतं तर तिने त्याला उभा सोलला असता.

लसी झाल्या. बाळं रडली, गरोदर बायकांनी तोंडं वाकडी करत दंड पुढे केले, आणि सिरिंजा एकेक करून त्या डब्यात पडत गेल्या. सत्र संपेपर्यंत डबा तोंडाला आला. शकू लसीची निळी पेटी बंद करत होती. मागे न बघताच ती म्हणाली, "सगुणा, झाकण बसत नाय गो त्याचं. दाब जरा वरनं."

सगुणाने दाबलं. सिस्टरने सांगितलं आणि सगुणाने ऐकलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"आई गं!"

उजव्या हाताच्या अंगठ्यातून रक्ताचा थेंब वर आला. शकूने तिचा हात धरून नळाखाली नेला, साबण लावून धुतला, बराच वेळ वाहत्या पाण्यात ठेवला. इथवर सगळं बरोबर केलं. पुढचंही तिला पाठ होतं. तिथून उठायचं ते थेट डॉक्टरांकडे. डब्यात कितीजणांच्या सुया, कुणाच्या रक्तात काय असेल, एचआयव्ही की कावीळ, कसं कळणार? अशा वेळी औषध सुरू करायचं ते जितक्या लवकर तितकं बरं. उद्या रोह्यात हेच तर सांगायचं होतं.

"डॉक्टरांकडं जायाचं काय?" सगुणाने विचारलं.

"काय होत नाय गो. लहान पोरांच्याच सुया जास्ती हायत." शकूचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "उद्या माझं रोह्याला हाय. परवा मी येते, मग जाऊ दोघी. तोवर कुनाला बोलू नको."

"आनि ह्यो डबा?"

रंगाचा डबा केंद्रात नेला तर पांढऱ्याची चौकशी होणार. "ठेव कुठंतरी उंचावर. परवा नेते."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत शकू घरी गेली. पण मूठ दुसऱ्याचीच होती, आणि त्या मुठीतला अंगठाही दुसऱ्याचाच.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने रोह्याला पोचली. प्रशिक्षणाचं सभागृह भरलेलं. रोह्याच्या, अष्टमीच्या, आसपासच्या गावांच्या नर्सा आणि आशा, आणि पेणहून आलेल्या चौघीजणी, त्यांत दुसऱ्या रांगेत शांती. ओळख करून देणारे साहेब म्हणाले, "या बाई एक वेळ जेवण विसरतील, पण डबा विसरणार नाहीत." टाळ्या पडल्या. शकूला चपराक बसल्यासारखं झालं, तरी तिने हसून हात जोडले.

मग ती बोलली. छान बोलली, हेच तर वाईट. पांढरा डबा हातात उंच धरून, सुई कशी टाकायची, का दाबायचं नाही, टोचलीच तर काय करायचं, सगळं खणखणीत सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेत फळ्यावरून लिहून घेतलेली ही ओळ आज तिच्या अंगावर लिहिली गेली होती, आणि ती वाचायला फक्त तीच होती.

शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हणून साहेबांनी विचारलं. अष्टमीच्या धोंडुबाई उठल्या. दवाखान्यात मदतनीस म्हणून केस पांढरे झालेल्या. "बाई, सगलं कललं. पन सुई लागली आनि सांगायचीच लाज वाटली तर काय करायचं?"

सगळ्या हसल्या. शकूचं उत्तर सवयीने तोंडातून बाहेर पडलं. "लाज काय जिवापेक्षा मोठी हाय?"

आणि ते तिने स्वतःच ऐकलं.

साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही. हातातला डबा तिने टेबलावर ठेवला. "काल माझ्या सत्रात एका आशाला सुई लागली," ती म्हणाली. "माझ्यामुळं लागली. डबा मी विसरले होते. आनि आज इथं मिरवता यावं म्हणून मी तिला घरी बसवून आले."

आता कुणी हसलं नाही. शकू पायऱ्या उतरून दरवाजाकडे निघाली. दारात शांतीने तिला गाठलं आणि डब्यासकट भरलेली पिशवी तिच्या हातात दिली.

"सिस्टर, पिशवी राहिली," एवढंच म्हणाली. त्या पोरीने चार शब्द सुनावले असते तर शकूला बरं वाटलं असतं.

बाहेर येऊन तिने पेणच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कालचं आज सांगताय? तुम्ही?" मग म्हणाल्या, "लगेच घेऊन या तिला." त्या 'तुम्ही'ने शकू पेणपर्यंत पोखरली गेली.

पेणहून रिक्षा करून ती वाडीत उतरली. कारखान्यात मूर्ती कालच्यासारख्याच उभ्या होत्या. एकीचेही डोळे आखलेले नव्हते. काळुराम बाजूला डोक्याला हात लावून बसला होता.

"सुनेच्या आंगठ्याला डब्याची कड लागली," तो म्हणाला. "आमच्या घरची रीत हाय सिस्टर, रगत आलेल्या हातानं डोळ्यांना ब्रश लावायचा नाय, जखम भरंपर्यंत. आता मानूस कुठनं आनू ऐन हंगामात?"

कड लागली? शकू सगुणाला शोधायला आत गेली. फळ्यांवर रंगांचे डबे ओळीने लावले होते, सगळे एकसारखे. ज्याला जो हवा तो न बघता उचलायचा, ही तिथली कामाची पद्धत. त्या फळ्यांपासून दूर कोपऱ्यात सगुणा बसली होती आणि तिच्या शेजारी कालचा डबा होता. अर्धवट बसलेलं झाकण तिने चिंध्यांनी घट्ट बांधलं होतं. आणि डब्यावर समोरच्या बाजूने दोन मोठे, टक्क उघडे डोळे काढले होते.

शकू जागीच थबकली.

"पोरं हात लावतील म्हनून काढले," सगुणा कसनुसं हसली. "हितं सगले डबे सारके. लिवलं असतं तर वाचतो कोन? डोले बघून कोनी जवल येत नाय. डाव्या हातानं काढले, म्हनून एक जरा वर गेलाय. तरी उंचावर ठेवायला जीव झाला नाय. कोनी तरी काढलाच असता. मी हितंच बसलेय कालपासनं."

"सासऱ्यांना कड लागली म्हणून का सांगितलंस?"

"सुई सांगितली असती तर तुमच्यावर आलं असतं ना. तुमचं आज भाषान होतं." सगुणाने विचारलं, "कसं झालं?"

शकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला रडूही आलं नाही. रडायला तरी काही हक्क लागतो. ती तशीच बाहेर काळुरामकडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं. काळुराम ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "डबा मीच दिला होता तुमाला."

"तुमी नाय हो," शकू जवळजवळ ओरडली. "तुमी काय नाय केलंत. कोनीच काय नाय केलंय. मी केलंय!"

हातमोजे घालून तिने तो डबा उचलला. रिक्षात सगुणा शेजारी बसली, डबा शकूच्या मांडीवर उभा. खड्ड्यांतून रिक्षा उसळली की ती तो दोन्ही हातांनी धरायची, आणि ते वरखाली झालेले डोळे खालून तिच्याकडे बघायचे. हमरापूर ते पेण रस्ता काही फार नाही. तिला तो सरता सरेना.

डॉक्टर मॅडमच्या टेबलावर तिने डबा ठेवला. मॅडमनी आधी डब्याकडे पाहिलं, मग सगुणाकडे. "कशी लागली सुई?"

"माजाच हात गेला," सगुणा घाईने म्हणाली. "सिस्टरनी आमाला कितीदा सांगितलेलं, वरनं दाबायचं नाय म्हनून."

"काल मीच सांगितलं, दाब म्हणून," शकू म्हणाली. "आनि डॉक्टरकडं जाऊ का, हिनं विचारलंन, तर मी नको म्हणाले."

सगुणाने मान खाली घातली. चूक शकूची आणि लाज त्या पोरीला वाटत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सगुणाचं रक्त काढलं, गोळी समोर घ्यायला लावली, गोळ्या रोज न चुकता घ्यायच्या, मळमळलं तरी सोडायच्या नाहीत, असं बजावलं. "कालच सुरू झाल्या असत्या तर जास्त बरं होतं. अजून वेळ गेलेली नाही. पण नक्की काय ते पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"मंग जखम भरली की डोले आखू ना?" सगुणाने विचारलं. तिला तेवढंच कळलं होतं, किंवा तेवढंच विचारायचा धीर होता.

"आख की," मॅडम म्हणाल्या आणि काविळीची लस भरून तिच्या दंडात दिली. सिरिंज हातात धरून त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तिथला डबा पाऊण भरला होता. त्या शकूकडे वळल्या. "सिस्टर, डबा कुठं आहे?"

शकूने रोह्याची पिशवी उघडली. कोरा करकरीत डबा बाहेर काढून पुढे धरला. सगुणाची सुई तळाशी टक्‌ करून पडली, आणि शकूने वर झाकण लावलं. ते पहिल्याच प्रयत्नात बसलं.