मोजणीत न आलेला मी

मी पेनड्राइव्ह बोलतोय, आणि माझं आयुष्य एका नवसानं सुरू झालं.

लाखांदूरजवळच्या एका गावात गोदावरीबाईंची मुलगी खुशबू घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. एक दिवस त्यातलं विकतचं लिहायचं सॉफ्टवेअर मुदत संपून बंद पडलं. पोर डोकं धरून बसली. तेव्हा गोदावरीबाईंनी गावदेवी मातामायपुढे हात जोडले, "माय, पोरीचं काम चालू होऊ दे. ज्यानं होईन, ते मी जो मागन त्याच्या घरी पोचवीन."

दुसऱ्याच दिवशी खुशबूनं मला दुकानातून आणलं. तिच्या मैत्रिणीनं माझ्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअर भरून दिलं. देशोदेशीच्या माणसांनी मिळून बनवलेलं, कोणीही वापरावं, दुसऱ्यालाही द्यावं असं. आतली बटणंसुद्धा मराठीत! खुशबूचं काम धडाक्यात सुरू झालं.

मग बाई नवस फेडायला निघाल्या. संक्रांतीला मला चक्क हळदीकुंकवाच्या ताटात बसवलं. शेजारच्या मंगलाबाई हसून लोटपोट.

"काय वो गोदावरीबाई, वाणात हे काय आणलं? खायचं का लावायचं?"

"लावायचं. सुनेच्या कॉम्प्युटरले लावा, मंग सांगा."

लावलं, आणि चाललं. मग शाळेत गेलो, बचतगटात गेलो, पार वरठीला बाईंच्या भावाकडेही जाऊन आलो. या फिरतीत माझं टोपण कुठं पडलं, मलाच ठाऊक नाही.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते एक प्रश्न विचारतं, 'तुम्ही हे कोणत्या भाषेतून वापरता, ते बनवणाऱ्यांना कळवू का?' नाव-गाव काही मागत नाही. पण बाईंनी घरोघर बजावून ठेवलं होतं, "'नको' दाबजा. नवसाचं दिलेलं सांगत फिरू नये, पुण्य जाते."

आणि यंदा खुशबूनं मोबाईलवर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सूचना वाचली. मराठीतून वापरणारे फारच थोडे दिसतात. पुढच्या आवृत्तीतून मराठी काढून टाकण्याचा विचार आहे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. थोडे? नेटवरून किती जणांनी उतरवलं तेवढंच मोजायचं, आणि ताटातून घरोघर गेलं ते कोणीच पाहायचं नाही? त्या बचतगटातल्या बायकांनी उद्या इंग्रजी बटणांपुढे मुकाट बसायचं? ही कसली मोजणी!

गोदावरीबाईही तणतणल्या, "आंधळे आहेत काय हे लोक?"

"माय, त्यायले काहून बोलतं?" खुशबू म्हणाली. "आपणच सगळ्यायले 'नको' दाबाले लावलं. त्यायले कसं समजन?"

माझा राग निम्मा तिथंच गळाला. उरलेला अजून आहे, कारण विचारण्याआधी काढून टाकायची घाई कशाला?

बाईंनी पदर खोचला. "माझं पुण्य गेलं तर जाऊ दे. मराठी जाऊन राहिली, ते मी कशी पाहू?"

तो प्रश्न सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा उघडता येतो, हे खुशबूनं दाखवलं. मग पुन्हा घरोघर. मंगलाबाईंनी टोमणा मारलाच, "आता 'हो' दाबा म्हणता! देव बदलला काय तुमचा?"

"देव तोच आहे वो. मीच आता शिकली."

मंगलाबाईंनी सुनेला हाक मारली आणि समोर उभं राहून 'हो' दाबायला लावलं.

निर्णय अजून आलेला नाही. बाई रोज मातामायला दिवा लावून खुशबूला विचारतात. मीही वाट पाहतोय. तोवर तुम्हाला हात जोडून सांगतो: तुमच्याही घरी असं काही कोणाच्या हातून आलं असेल, तर आधी ते पुढच्याला द्या. आणि बनवणाऱ्यांनी विचारलं, तर लाजू नका. आम्ही आहोत, आम्ही वापरतो, असं मोठ्यानं सांगा.