अर्धा सिनेमा

वैद्यनाथनं सिनेमा मध्येच थांबवला आणि फाइल बिघडली म्हणून तमिळमध्ये खुशाल थाप मारली.

कुंभकोणमला मेलकावेरीतल्या त्याच्या घरी, हॉलमध्ये, संपात उतरलेली कॉलेजची पोरं चटईवर बसली होती. जपानी सिनेमा त्यांनीच मागितला होता. साठ-सत्तर सालातला, काळापांढरा, सरळ गोष्ट सांगणार नाही अशी शपथच घेतलेला. तरी हेल्मेटं, लाठ्या, घोषणा पाहून पोरं खूश होती. पुढचं वैद्यनाथला पाठ होतं. मोर्चा फसतो, मग तेच विद्यार्थी एका खोलीत दार लावून घेतात आणि एकेकाला मध्ये उभं करून विचारतात, बेत कुणी फोडला? तेवढा वेळ पडदा कोरा, नुसते आवाज.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पोरं सोमवारी फाटक अडवणार हे त्यानंच प्राचार्यांना फोनवर सांगितलं होतं. प्राचार्य सेतू त्याचाच जुना विद्यार्थी. पोलीस बोलावू नकोस, पोरांशी बोल, एवढंच सुचवायचं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. फाटकावर पोरांच्या आधी पोलीस हजर. एकाचा हात मोडला, आणि संपही मोडल्यातच जमा.

पोरं गेली. भाची शिवरंजनी तेवढी कॉफीचे पेले विसळायला मागं राहिली. दोघंच उरल्यावर ती घरच्या मराठीवर आली.

"मामा, फाइल बिघडली नाही. मी सगळा पाहिलाय, फोनवर."

वैद्यनाथ पडदा गुंडाळत राहिला.

"आम्हाला वाईट वाटेल म्हणून बंद केलंत ना? गरज नव्हती. आमचं ते काल झालं."

हॉस्टेलच्या खोलीत त्यांनी आपल्यातल्याच कीर्तीला मध्ये उभं केलं होतं. ती शिष्यवृत्तीच्या कामासाठी सेतूच्या केबिनमध्ये जायची, तेवढंच निमित्त. जेवणानंतर सुरू झालेलं विचारणं दिवेलागणीपर्यंत चाललं. आज सकाळी ती सामान घेऊन तिरुप्पनंदाळला घरी गेली, कॉलेज कायमचं सोडून.

"तिनं नसेल सांगितलं," वैद्यनाथ कसाबसा म्हणाला.

"मलाही तसंच वाटायचं. पण शेवटी तिनं कबूल केलं, मामा."

शिवरंजनीनं पेले पालथे घातले, ओढणीला हात पुसले.

"तुम्ही आहात म्हणून बरं," ती म्हणाली. "कुणावर तरी विश्वास ठेवता यायला हवा."

वैद्यनाथनं तोंड उघडलं. ती थांबली, त्याच्याकडे पाहत.

"जेवून जा," तो म्हणाला.