निळी नखं

"पेन आहे का?" पिंपांची पावती हातात धरून कारखान्यातल्या माणसाने विचारलं आणि मामांनी खिशातला पेन काढून दिला. सोनेरी क्लिपचा, मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला. सही करून तो माणूस पेनासकट आत निघून गेला. मामा दारात थोडे घुटमळले आणि गाडीत येऊन बसले.

मी त्यांचा जोडीदार ड्रायव्हर. म्हटलं, मागून घ्या की.

"अरे, शाईचा कारखाना ना हा?" मामा म्हणाले. "मग यांच्याकडे साधा पेन नसावा?"

मी हसलो, पण ते हसू काही टिकलं नाही. मामांची उभी हयात रसायनांची पिंपं पोचवण्यात गेलेली. शाईवाले आम्हाला चांगले ठाऊक. तिथे माणसांची नखं निळी, गटार निळं, दारातलं कुत्रंसुद्धा निळं. इथे गटार कोरडं ठणठणीत आणि पिंपं उतरवणाऱ्यांचे हात नुकते धुतल्यासारखे. उशीर झाला म्हणून कोणी शिवी घातली नाही, रिकाम्या पिंपांवरून कटकट केली नाही. एवढ्या माणसांत कोणी साधं खोकलंही नव्हतं, हे मला गाडी सुरू झाल्यावर जाणवलं.

आम्ही नेतो त्या द्रवापासून पेनाची शाई होते. त्याच्यापासूनच माणसाची कातडी भाजून काढणारा वायूही होतो. म्हणून देशोदेशींच्या करारात त्याच्यावर डोळा ठेवलाय. घेणारा कोण, कशासाठी घेतो, हे सरकारला सांगितल्याशिवाय माल हलत नाही. या गिऱ्हाइकाबद्दल ते सगळं सांगितलं होतं मामांच्या जावयाने. आमच्याच कंपनीत तो विक्रीला. एवढं मोठं गिऱ्हाईक एकट्याने आणलं म्हणून त्याची बढती अगदी दारात आली होती.

दुसरी खेप भरली तेव्हा मामा गाडीत चढेनात. मी वैतागलो. म्हटलं, माल टाकायचा, सही घ्यायची, सुटायचं. नसती उठाठेव कशाला? आणि जावयाच्याच पोटावर पाय देणार का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली खिशात टाकली.

"तिथे एकाचं तरी नख निळं दाखव, मी आत्ता गाडी काढतो," म्हणाले, आणि सरळ सरकारी तपासणीच्या कचेरीत फोन लावला.

तपासणीवाले पोचले तोवर कारखान्याची शेड रिकामी, झाडून पुसून लख्ख. मग काय, खापर जावयावर फुटलं. चौकशी न करता गिऱ्हाईक आणलं म्हणून कंपनीने त्याला घरी बसवलं. मुलीने बापाकडे येणं बंद केलं. नातीसाठी मामा कासावीस व्हायचे. मलाही त्यांचा राग यायचा. एका रिकाम्या शेडपायी हातची लेक घालवली या माणसाने.

बऱ्याच महिन्यांनी मुलगी आपण होऊन आली. राग ओसरला होता की बापाची आठवण आली, कोण जाणे. मीही तिथेच होतो. नात मामांच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटांशी खेळत होती आणि मामांचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं. तेवढ्यात तपासणीवाल्या बाई आल्या. त्यांनी एक फोटो पुढे धरला. जाड, सीलबंद पिशवीत सोनेरी क्लिपचा पेन होता. शेडमध्ये जमिनीच्या फटीत सापडलेला.

"हा तुमचा?"

"माझा. हिनेच दिलेला. परत मिळेल का?"

बाईंनी मान हलवली. "त्यांनी तिथे जे बनवलं, ते त्याच्यावर सापडलंय, मामा. आता कोणालाच त्याला हात लावता यायचा नाही."

म्हणजे मामांचं खरं होतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा," म्हणाली आणि उठून त्यांच्याजवळ आली. मला वाटलं, आता गळ्यात पडते. ती वाकली आणि तिने पोरीला त्यांच्या मांडीवरून हळूच उचलून घेतलं.

"लहान आहे ना ती, बाबा," ती पुटपुटली.

मामांनी नुसती पिंपं नेली, त्यांना काही धोका नाही, असं बाईंनी समजावून सांगितलं. मुलीने मान डोलावली, पण पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही. मामा उठले आणि मोरीत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.